प्रकल्प नोंदी : अंगावर पिणारे बाळ आणि बाटली

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

आमची मुलगी गेल्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी जन्मली आणि परवा ती चार महिन्यांची होईल. आजवर अंगावरच्या दुधाखेरीज तिच्या पोटात काहीही गेलेले नाही. गुटीसुद्धा नाही, आणि त्यावरून बारशाच्या दिवशी माझ्या माहेरच्या मंडळींशी थोडी खडाजंगीही झाली होती. कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा मी १६ सप्टेंबरला सुरू केली, त्यातले जवळजवळ चार आठवडे बाळंतपणाच्या आधीच संपले, आणि आता १७ मार्चला मला पिरंगुटच्या औषध कारखान्यात, गुणनियंत्रण प्रयोगशाळेत, पुन्हा रुजू व्हायचे आहे. कंपनीची बस कोथरूडहून सकाळी सव्वासातला निघते आणि भूगाव, चांदणी चौक करत परत यायला संध्याकाळचे साडेपाच वाजतात. म्हणजे रोजचे सव्वादहा तास मी घरात नसेन.

केवळ अंगावर पिणारे एक ते सहा महिन्यांचे बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिली दूध घेते. सव्वादहा तासांच्या वाट्याला त्यातले सुमारे ३३० मिली येते. आमचे बाळ रात्री दोनदा पिते हे धरून मी उद्दिष्ट २५० मिली ठेवले आहे, चार वेळांत विभागून.

बालरोगतज्ज्ञांनी शुक्रवारी स्पष्ट सांगितले की बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले, म्हणजे दूध पाजायची चोच असलेली छोटी वाटी, बरे. भारतीय बालरोग अकादमीची भूमिकाही तीच आहे, कारण बुचाच्या आट्यांत आणि निप्पलच्या आत राहिलेल्या थेंबभर दुधात जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब होतात. बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. हे सगळे मान्य करूनही आम्ही बाटली निवडली, कारण दिवसभर बाळ सासूबाईंजवळ राहणार आहे आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे. एका हाताने वळवळणारे बाळ आणि दुसऱ्या हाताने भरलेली वाटी सव्वादहा तासांत चार वेळा सांभाळणे त्यांना झेपणार नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

स्वच्छतेबाबत या वर्षी कोणी सवलत मागणार नाही. जानेवारीपासून सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडत आहेत आणि पाण्यावर संशय असल्याने आमच्याकडे कोथरूडलाही पिण्याचे पाणी उकळूनच घेतले जाते. बाटली, निप्पल आणि बूच सुटे करून, घासून, मोठ्या पातेल्यात दहा मिनिटे उकळायचे आणि चिमट्याने काढायचे, असे ठरले.

नोंदींचा नियम प्रयोगशाळेचाच राहील. लिहिलेले खोडरबराने किंवा गिरवून पुसायचे नाही. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख आणि सही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आयएसआय शिक्क्याच्या १२५ मिलीच्या दोन बाटल्या आणल्या. दुकानदाराने बाळाचे वय विचारले आणि ‘तीन महिन्यांपुढील’ असे लिहिलेली निप्पल त्यावर चढवून दिली. २५ जानेवारीपासून रोज सकाळच्या पाजण्यानंतर पंपाने काढलेले दूध मी ८० मिलीच्या पिशव्यांत गोठवत आले आहे. आज त्यातली सर्वांत जुनी पिशवी वितळवली. दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे नसते, कारण ते सारखे तापत नाही आणि मध्येच एखादा घोट तोंड पोळण्याइतका गरम राहतो, म्हणून कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी ठेवली.

दुपारी ४.१० वाजता नवऱ्याने बाळाला मांडीवर आडवे घेतले आणि मी खोलीच्या दारात उभी राहिले. बाळाने निप्पल तोंडात घेतली, जिभेने डावीकडून उजवीकडे एकदा फिरवली, दोन घोट गिळले, ठसका लागला, आणि मग तिने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारपूस करायला वर आल्या. निष्पत्ती ० मिली, कारण गिळलेले दोन घोट उलटून झबल्यावर आले. निष्कर्षाच्या रकान्यात मी लिहिले : बाळ बाटली नाकारते.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेल्या चार दिवसांत सहा प्रयत्न झाले आणि आकडे असे आहेत : ०, ५, ०, ०, ८, ०. या सहा प्रयत्नांत आम्ही दोन प्रकारच्या निप्पल वापरल्या, तीन माणसे बदलली, बाळाला कधी भुकेले ठेवले तर कधी अर्धे पाजून घेतले, एकदा माझा वापरलेला गाऊन सासूबाईंच्या खांद्यावर टाकून पाहिला. ८ मिली कशामुळे गेले हे आता कोणालाही सांगता येणार नाही. एकाच वेळी चार गोष्टी बदलून काढलेला निकाल माझ्या प्रयोगशाळेत कनिष्ठ मुलीने आणून दिला असता तर मी तो वाचलाही नसता.

आजपासून एका वेळी एकच बदल. प्रयत्न दहा मिनिटांपेक्षा लांबवायचा नाही, आणि रडू सुरू झाले की बाटली नजरेआड करायची. रडत्या तोंडात निप्पल कोंबली तर उद्यापासून बाटली दिसताच रडू सुरू होईल, एवढे तर आम्हाला आत्ताच दिसू लागले आहे. चोखण्याची क्रिया पहिल्या तीन-चार महिन्यांत आपोआप होत असते आणि त्यानंतर बाळ ती स्वतःच्या इच्छेने करू लागते, म्हणून चौथा महिना उलटल्यावर बाटली ओळखीची करून देणे अवघड जाते. पाजणे नीट बसल्यावर, साधारण महिन्या-दीड महिन्याच्या सुमारास, अधूनमधून एखादी बाटली दिली असती तर हे इतके जड गेले नसते. त्या वेळी मला ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बदल क्रमांक १ : निप्पलचा वेग.

दोन्ही निप्पल पाणी भरलेल्या बाटलीवर चढवून, बाटली उलटी धरून, दहा सेकंदांत पडणारे थेंब मोजले. दुकानदाराने दिलेल्या निप्पलमधून २६ थेंब पडले आणि नवजात बाळासाठीच्या निप्पलमधून ९. ठसक्याचे कारण इथेच सापडले. अंगावर पिताना बाळ आधी काही वेळ नुसते चोखते, मग पान्हा फुटतो, मग भराभर घोट येतात, पुन्हा ओघ मंदावतो आणि ते थांबते. बाटलीत हे चढउतार नाहीत, ती उलटी केल्याक्षणी दूध घशात येते. पाकिटावरच्या वयाचा आणि आमच्या बाळाच्या सवयीचा संबंध नाही. यापुढे सर्वांत मंद निप्पल, आणि बाळ मोठे झाले म्हणून ती बदलायची नाही.

ठसका थांबला. बाळ आता निप्पल चावते, ओठांच्या कोपऱ्यातून दूध बाहेर सोडते आणि भुवया उंचावून आमच्याकडे पाहते. निष्पत्ती ६ मिली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीच्या मिरवणुकीचे ढोल दुपारपासून वाजत होते. प्रयत्न केला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बदल क्रमांक २ : मी घरात नसणे.

सासूबाईंचे म्हणणे असे की आईच्या दुधाचा वास दोन खोल्यांपलीकडूनही बाळाला येतो आणि खरी वस्तू घरात असताना रबराच्या तुकड्यासाठी ते का तडजोड करील. मी चपला घालून बाहेर पडले, पण खालपर्यंत गेले नाही; आमच्या आणि वरच्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसले. दाराआडून पहिल्यांदा रडू आले, ते वाढले, तुटले, पुन्हा आले. मग सासूबाईंचा आवाज आला, त्या काहीतरी हळू म्हणत होत्या, शब्द कळत नव्हते. त्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू आले नाही की मी घड्याळाकडे पाहिले. चार मिनिटे. तेवढ्यात माझा पान्हा फुटला आणि ओढणी पुढे घेऊन बसण्याखेरीज मला काही करता येईना. वरून येणारे गृहस्थ ‘किल्ली विसरलात का’ असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, सभ्यपणे उतरून गेले.

निष्पत्ती १२ मिली, आजवरची सर्वाधिक. श्रेय बदल क्रमांक २ ला दिले. फक्त एक किरकोळ नोंद शेजारी करून ठेवते : गोठवलेली पिशवी आज वेळेत वितळली नाही, म्हणून तासाभरापूर्वी काढलेले ताजे दूध वापरले.

२३ फेब्रुवारी, रविवार

ती किरकोळ नोंदच आजचा सगळा दिवस घेऊन बसली.

काल २२ तारखेला मी बाहेर गेले होते, निप्पल तीच होती, वेळ तीच होती, आणि तरीही बाळाने फक्त १ मिली घेऊन तोंड फिरवले. सासूबाई बाटली धुवायला घेऊन गेल्या, बूच उघडले, नाकाशी नेले आणि मला हाक मारली. “अगं, याला साबणाचा वास येतोय. नीट विसळली होतीस का?” मी नीट विसळली होती. दोघींनी पिशवीतले उरलेले दूध हुंगले. साबणाचा वास बाटलीला नव्हता, दुधाला होता. मी चमचाभर चाखून पाहिले. जिभेच्या मागच्या बाजूला खवट, तेलकट चव बराच वेळ राहिली.

दुधात लायपेज नावाचे विकर असते, जे स्निग्धांश फोडून बाळाला पचायला सोपे करते. काही जणींच्या दुधात, दूध काढून ठेवल्यावर, हे काम फार वेगाने चालते आणि सुट्या झालेल्या मेदाम्लांमुळे दुधाला साबणासारखा वास येतो. दूध नासलेले नसते, ते अपायकारकही नसते, आणि काही बाळे ते मुकाट पितात. गोठवल्याने ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही. ताजे दूध काढल्याबरोबर, उकळू न देता, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत, म्हणजे ८२ अंशांच्या आसपास तापवून लगेच थंड केले तर विकर निष्क्रिय होते. एकदा वास आल्यावर मात्र तापवून उपयोग नाही. हे वाचलेले होते. माझ्या दुधाला लागू आहे की नाही हे मोजायला हवे होते, आणि साठवणुकीत पदार्थ किती काळ टिकतो हे तपासणे हा तर माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

सकाळी ६.३० वाजता काढलेल्या ९० मिलीपैकी ४० मिली तसेच ठेवले आणि ४० मिली छोट्या स्टीलच्या पातेलीत तापवून बर्फाच्या पाण्यात थंड केले. उरलेले १० मिली ताजे म्हणून तुलनेला. प्रत्येकाचे चार भाग करायचे होते. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या आकाराने अगदी योग्य होत्या, परंतु हिंगाचा वास उकळूनही जात नाही, म्हणून त्या बाद झाल्या. सासूबाईंनी देवघरातल्या नैवेद्याच्या आठ छोट्या वाट्या स्वतःहून काढून दिल्या. नवऱ्याने तळाला क्रमांक चिकटवले आणि कोणता क्रमांक कशाचा हे स्वतःजवळ ठेवले. वाट्या झाकून फ्रिजमध्ये गेल्या, आणि दोन, सहा, बारा व चोवीस तासांनी एकेक जोडी बाहेर काढून सासूबाईंनी व मी एकमेकींशी न बोलता हुंगायची व चाखायची, असे ठरले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चोवीस तास सकाळी पूर्ण झाले. दोन तासांच्या जोडीत आम्हा दोघींनाही फरक सांगता आला नाही. सहा तासांना सासूबाईंनी न तापवलेले दूध बरोबर ओळखले, मी चुकले. बारा तासांना दोघींनीही ओळखले. चोवीस तासांच्या न तापवलेल्या वाटीला भांडी घासायच्या वडीच्या पाण्याचा वास होता. तापवलेल्या दुधाला चोवीस तासांनंतरही किंचित उकळीच्या वासापलीकडे काही नव्हते.

बुधवार १२ तारखेपासूनचे सगळे प्रयत्न, एक २१ तारखेचा सोडून, गोठवलेल्या पिशव्यांतल्या दुधावर झाले होते. म्हणून १२ फेब्रुवारीच्या निष्कर्षावर आडवी रेघ मारून शेजारी लिहिले : बाळाने त्या बाटलीतले दूध नाकारले, बाटलीबद्दल अद्याप काही सिद्ध झालेले नाही. २४/२, सही.

डीप फ्रीझरमध्ये १० पिशव्या, म्हणजे ८०० मिली दूध शिल्लक आहे. रोज पहाटे, बाळ झोपल्यावर, दुखऱ्या पाठीने बसून काढलेले. बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्या म्हणाल्या, सहा महिन्यांनंतर नाचणीच्या सत्त्वात मिसळून खपेल. नवीन तापवलेल्या दुधाला जागा हवी म्हणून सहा पिशव्या ठेवल्या आणि चार मोरीत ओतल्या. ओतताना नवऱ्याला बाहेर जायला सांगितले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दूध आणि माझी गैरहजेरी या दोन्ही गोष्टी २१ तारखेला एकदम बदलल्या होत्या, म्हणून तीन दिवस त्या वेगळ्या करून पाहिल्या. ताजे दूध, मी घरात : ४ मिली. ताजे दूध, मी बाहेर : २२ मिली. तापवून फ्रिजमध्ये ठेवलेले दूध, मी बाहेर : ३५ मिली. म्हणजे सासूबाईंचेही बरोबर होते आणि वासाचेही. तापवल्याने दुधातली रोगप्रतिकारक द्रव्ये काही प्रमाणात कमी होतात, हा तोटा मी मान्य करते. मातृदुग्धपेढ्यांमध्येही दान केलेले दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवूनच अकाली जन्मलेल्या बाळांना देतात, आणि माझी मुलगी उरलेले पावणेचौदा तास थेट अंगावर पिणार आहे.

३५ मिलीच्या दिवशी सासूबाईंनी बसण्याची पद्धतही बदलली होती, हे त्यांनी नंतर सांगितले. (एका वेळी एकच बदल हा नियम त्यांना मान्य नाही. “स्वयंपाकात असं चालतं का?” असे त्या विचारतात.) बाळाला पाजायला घेतात तसे आडवे घेतले की ते छातीकडे तोंड वळवून शोधू लागते आणि न सापडल्याने चिडते. त्यांनी तिची पाठ स्वतःच्या पोटाशी टेकवून, तोंड गॅलरीकडे करून, तिला जवळजवळ बसते केले. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर पारवे बसतात. बाळ पारव्यांकडे पाहत होते, निप्पल ओठांना टेकलेली होती, आणि कधीतरी तिने ती आपण होऊन आत ओढली. बाटली आडवी, जमिनीला समांतर; चार-पाच घोटांनंतर ती खाली झुकवून विश्रांती, मग बाळाने पुन्हा तोंड उघडले तरच पुढे. यात संपवण्याची घाई नाही आणि उरले तर ‘एवढं संपव’ असा आग्रहही नाही. तो आग्रह सासूबाईंच्या जिभेवर दोनदा येऊन परत गेला, असे नवऱ्याने सांगितले.

२ मार्च, रविवार

बाळाला सर्दी झाली. नाक चोंदलेले असताना चोखता येत नाही. अंगावरसुद्धा ती दोन घोटांनंतर सुटते आणि रडते. २८ तारखेला १० मिली, काल ०. पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब टाकतो. चोवीस तासांत सात लंगोट ओले झाले, म्हणून काळजी नाही. बाटली तीन दिवस बंद.

६ मार्च, गुरुवार

पुन्हा सुरुवात केली तेव्हा भीती होती की सगळे पुसले गेले असेल. १८ मिली, मग २८.

आज गुरुवार, आमच्याकडे वीजवाहिन्यांच्या देखभालीचा दिवस, म्हणून सकाळी दहापासून वीज नव्हती, आणि त्यानिमित्ताने साठवणुकीचा विचार नीट करावा लागला. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि गोठवून सहा महिने चांगले राहते; वितळवलेले चोवीस तासांत संपवायचे, पुन्हा गोठवायचे नाही, आणि बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतले दोन तासांनंतर टाकून द्यायचे. परंतु आमच्या ओट्यावरचा तापमापक दुपारी ३१ अंश दाखवत होता, तेव्हा चार तासांचा नियम आमच्या स्वयंपाकघराचा नाही. मी ओट्यासाठी एक तासाची मर्यादा घातली. फ्रिजचे दार वीज येईपर्यंत उघडायचे नाही, आणि दूध दारात नव्हे तर आतल्या बाजूला, सर्वांत थंड जागी ठेवायचे. प्रत्येक डबीवर काढल्याची तारीख, वेळ आणि ‘तापवले’ अशी खूण. आधीचे आधी वापरायचे. वीज अडीचला आली, आतला तापमापक ९ अंशांवर होता. सकाळची एक डबी सासूबाईंनी लगेच वापरली.

८ मार्च, शनिवार

सासूबाईंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून चांदीचे बोंडले काढले. माझा नवरा त्यातूनच दूध प्यायला होता. होडीसारखा छोटा आकार, एका बाजूला चिंचोळी चोच, आणि चोचेच्या कडेला एक बारीक चेपलेली जागा, जी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दात आल्यावर केली. चिंच लावून घासले, उकळले. बालरोगतज्ज्ञ पहिल्या दिवशी हेच सांगत होत्या, आणि मी अंगठ्याचे कारण देऊन ते बाजूला ठेवले होते. आता पाहिले तर बोंडले धरायला वाटीपेक्षा हलके आहे आणि अंगठ्यावर जोर येत नाही, फक्त बाळाचे हात आधी दुपट्यात गुंडाळून घ्यावे लागतात.

चोच खालच्या ओठावर टेकवली, दूध ओतले नाही, नुसते ओठापर्यंत आणले, आणि बाळाने मांजरासारखी जीभ बाहेर काढून ते घेतले. दुसऱ्या खेपेला सगळे हनुवटीवर. किती पोटात गेले हे मोजण्यासाठी लाळेरे आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले : २४ ग्रॅम. नंतर ३५ ग्रॅम. बोंडल्यातून एकूण ३० मिली दिले होते, त्यातले सुमारे ११ लाळेऱ्यात गेले, म्हणजे पोटात १९. ताजे दूध पिऊन ती माझ्याकडे पाहून हसली. मी समोर बसलेली असताना बाहेरून दूध घेण्याची ही तिची पहिलीच वेळ. बाटलीला ती मला बाहेर काढते, बोंडल्याला नाही. याचे कारण मला सांगता येत नाही.

१२ मार्च, बुधवार

गैरहजेरी वाढवत नेण्याचे दिवस. सोमवारी दोन तास, काल चार, आज सहा. मी कर्वे रस्त्यावरून चालत डेक्कनपर्यंत गेले, परत आले, मैत्रिणीकडे बसून दूध काढले. बाळाने आज सहा तासांत ४५, ३० आणि बोंडल्याने २० असे ९५ मिली घेतले. नवऱ्याच्या हातून बाटली अजून घेत नाही. सासूबाईंच्याच हातून, गॅलरीतच, आणि पारवे नसले तर उशीर लागतो.

१५ मार्च, शनिवार

होळीच्या आणि धुळवडीच्या दिवशी रंगीत तालीम नाही असे ठरले होते. आज पूर्ण दिवसाची, सव्वासात ते साडेपाच. चार वेळा : ५०, १५, ६०, ३५. एकूण १६० मिली. उद्दिष्ट २५० चे होते. परत आल्यावर बाळ पाऊण तास अंगाला चिकटून राहिले आणि रात्री दोनऐवजी चार वेळा उठले. याला उलटे चक्र म्हणतात : आई दिवसा नसली की काही बाळे दिवसा जेमतेम घेऊन भूक राखून ठेवतात आणि रात्री भरून काढतात. लंगोट सहा ओले, वजन वाढते आहे. डॉक्टर म्हणाल्या, २५० चा हट्ट तुमचा आहे, बाळाचा नाही. उद्दिष्टावर रेघ मारून १५० लिहिले.

१७ मार्च, सोमवार

रुजू झाले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन जादा सुट्ट्या मिळतात, हे मी मनुष्यबळ विभागाला महिनाभर आधीच लेखी कळवले होते. सुट्ट्या मिळाल्या, खोली मिळाली नाही. कारखान्याचे पाळणाघर कागदोपत्री आहे, प्रत्यक्षात ते दुसऱ्याच गावातल्या एका पाळणाघराशी केलेल्या कराराच्या रूपात आहे. शेवटी प्रथमोपचार खोलीची किल्ली मिळाली. तिला आतून कडी नाही, म्हणून पॅकिंग विभागातली एक मावशी दाराबाहेर स्टूल टाकून बसली आणि कोणी विचारले तर ‘तपासणी चालू आहे’ असे सांगत राहिली. १०.४० ला १३० मिली, २.३० ला ११० मिली. दूध तापवायची सोय कारखान्यात नाही. प्रयोगशाळेच्या हॉट प्लेटवर ते ठेवणे नियमात बसत नाही आणि मलाही ते पटत नाही. बर्फाच्या पिशवीतून घरी आणले. पहिल्या खेपेला घरी पोचेपर्यंत सात तास होतात, म्हणजे माझ्याच वाट्यांच्या तपासणीप्रमाणे तो काठावरचा माल. म्हणून दुपारचे दूध घरी आल्याबरोबर तापवून उद्यासाठी, आणि सकाळचे त्याच संध्याकाळी चाखून निर्णय.

घरचा आकडा : ४०, ५५, बोंडल्याने २५, ४५. एकूण १६५ मिली. सासूबाईंनी हे कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवले होते, आणि ४५ पुढे ‘बाबांकडून’ असे होते. नवरा लवकर घरी आला होता. त्याला विचारले तर म्हणाला, मी काही केले नाही, गॅलरीत उभा राहिलो.

२१ मार्च, शुक्रवार

आठवड्याचे आकडे : १६५, १४०, १७५, १५५, १८०. मंगळवारी १४०, कारण सकाळचे काठावरचे दूध मी चांगले ठरवले होते आणि बाळाने ठरवले नाही. बुधवारपासून ते वेगळे गोठवते आहे, नाचणीच्या सत्त्वासाठी. १२ एप्रिलला सहा महिने पूर्ण होतील. रात्रीचे उठणे चार वेळांचेच आहे. मी बसमध्ये भूगावपर्यंत झोपते.

आज संध्याकाळी उकळायला टाकण्याआधी निप्पल उजेडात धरली तर टोकाजवळ केसासारखी बारीक चीर दिसली. बाटली उलटी करून मोजले : दहा सेकंदांत १७ थेंब. गेले दोन दिवस बाळ मधूनच ठसकते असे सासूबाई म्हणत होत्या. बाळाच्या खालच्या हिरडीवरून स्वच्छ बोट फिरवले. एका जागी टोचते. निप्पल टाकून दिली. उद्या त्याच वेगाच्या दोन आणायच्या आहेत.